मागावरचा आवाज

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे घेवड्याच्या शेंगा निवडणं. समोर टीव्हीवर एक गोरा गायक स्टुलावर बसून सावकाश गात होता. मुलगी म्हणाली, "हा आधी रॉकवाला होता, नुसता ओरडायचा. आता तिकडची गावाकडची गाणी गातो, कंट्री म्हणतात त्याला. आधीपेक्षा जास्त चाललाय."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. "बघा, त्याला जमलं. तुम्ही कधी हळू बोलणार?"

"मी काय गायक हाय?" मी ओरडलो.

"आई, आता पुढच्या जन्मी," मुलगी हसली.

चाळीस वर्षं यंत्रमागावर काढली. त्या खडखडाटात शेजारच्यालाही ओरडूनच सांगावं लागतं. माग सुटला, आवाज तसाच राहिला. जेवताना मीठ मागायचो ते भांडल्यासारखं. त्या गायकानं जुना आवाज कुठं टाकला असेल, कुणास ठाऊक. त्याला नवीन गाणी मिळाली, ऐकायला माणसंही मिळाली. मी आता हळू बोलून बघतो, आणि जमतं की! पण ऐकायला कोण नाही, मुलगीही तिच्या सासरी. दार लावलं की मी आणि माझा आवाज, दोघं आत कोंडलेले.

शेंगा निवडल्या त्याच रात्री बायको झोपेत गेली. मला कळलंच नाही. सकाळी ऊन आत आलं तरी चहा नाही, म्हणून मी अंथरुणातूनच ओरडलो, "अगं ए, उठायचं हाय का नाही?" दोनदा ओरडलो. तिसऱ्यांदा शिवी घालून.