दोघांचं टेबल

निवृत्त झालो, वर्दी कपाटात गेली, तरी ती एक गुरुवारची दुपार अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका मोठ्या रेस्टॉरंटच्या कोपऱ्यात मी साध्या कपड्यांत बसलो होतो. खिडकीजवळच्या दोन खुर्च्यांच्या टेबलाशी एक वृद्ध गृहस्थ एका बाईची वाट पाहत होते. त्या बाईनं त्यांना लुटलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं.

प्रकरणाची सुरुवात कोपरी भागात झाली. मी तेव्हा ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. भर दुपारी नियंत्रण कक्षाचा निरोप आला की फुटपाथवर एक वृद्ध महिला पडली आहे, डोक्याला मार आहे. त्या निवृत्त शिक्षिका होत्या. लग्न केलेलं नव्हतं, जुन्या इमारतीत एकट्याच राहायच्या. अंगावर रेशमी साडी, केसांत ताजा गजरा. पर्समध्ये चष्मा, किल्ली, रुमाल सगळं जागच्या जागी. हातातल्या सोन्याच्या बांगड्या मात्र नव्हत्या. बाई शुद्धीवर आल्याच नाहीत. रक्तात झोपेच्या औषधाचा बराच अंश सापडल्याचं डॉक्टरांनी कळवलं, तेव्हा अकस्मात मृत्यूच्या नोंदीवर न थांबता आम्ही गुन्हा दाखल केला. फिर्याद त्यांच्या धाकट्या बहिणीनं दिली. ती कल्याणला राहायची.

"त्या एवढ्या तयार होऊन कुठे गेल्या होत्या?" मी बहिणीला विचारलं.

"शनिवारी ताई बाहेर जेवायची. मला वाटायचं शेजारणींबरोबर जात असेल." मग ती म्हणाली, "शेजारणींना वाटायचं, माझ्याबरोबर."

तलावाजवळच्या एका रेस्टॉरंटच्या कॅमेऱ्यात शिक्षिका दिसल्या. समोर पन्नाशीची एक बाई, नीटनेटकी साडी, डोळ्यांना मोठा गडद चष्मा. दोघी निवांत जेवत होत्या, हसत होत्या. मग शिक्षिकांची मान डुलायला लागली. बाईनं बिल दिलं, त्यांना आधार देत बाहेर नेलं. रिक्षावाला सापडला. "मावशींना चक्कर येतेय, घरी सोडते म्हणाल्या," तो म्हणाला. "कोपरीत दोघी उतरल्या. मी निघून गेलो." त्या बाईनं शिक्षिकांना तिथंच फुटपाथवर उभं केलं आणि ती चालती झाली होती.

आमच्या पथकाला हे सगळं नवीन होतं. पोलीस ठाण्यात दुपारचं जेवण म्हणजे डबा उघडायचा आणि फोन वाजायचा. भाजी गार, पोळी वातड, एक हात कागदपत्रांवर. दुपारच्या जेवणासाठी कुणी गजरा माळून जातं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. पण कॅमेऱ्यातला त्या बाईचा फोटो घेऊन शहरातल्या बऱ्या रेस्टॉरंटांत फिरायला लागलो, तेव्हा दिसलं. ऑफिसच्या घोळक्यांमधून कुठेतरी एकेक वृद्ध बसलेला असे, इस्त्रीचा शर्ट घालून, मेनू कार्ड पुन्हा पुन्हा वाचत.

वागळे इस्टेटमधल्या एका मॅनेजरनं फोटो ओळखला. जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये काचा लावून, कुंड्या मांडून ते रेस्टॉरंट थाटलेलं होतं.

"सर, या मॅडम यायच्या आमच्याकडे. हल्ली बंद झाल्यात. पण त्यांच्यासोबतचे अंकल येतात ना अजून, दर गुरुवारी. टेबल दोघांचंच बुक करतात. ऑर्डर पण लगेच देत नाहीत, थांबतात."

म्हणून त्या गुरुवारी मी कोपऱ्यात बसलो. काका आले ते फिकट निळा शर्ट आणि चकचकीत बूट घालून. नॅपकिन उलगडून मांडीवर घेतला. दाराकडे तोंड करून बसले. दार उघडलं की मान वर व्हायची आणि परत खाली जायची. बराच वेळ गेल्यावर त्यांनी एकट्यापुरतं सूप मागवलं. ते हळूहळू प्यायले, कॉफी घेतली, समोरची रिकामी खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली आणि निघाले. मी नोकरीत बऱ्याच वाट पाहणाऱ्या माणसांवर पाळत ठेवली आहे. इतकं अवघडल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

ज्येष्ठ साक्षीदाराला पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, त्याच्या घरी जाऊनच चौकशी करावी लागते. दुसऱ्या दिवशी मी आणि आमच्या महिला उपनिरीक्षक त्यांच्या डोंबिवलीच्या फ्लॅटवर गेलो. काका बँकेतून निवृत्त झालेले, पत्नी जाऊन काही वर्षं झालेली, मुलगा परदेशात.

"या बाईंना ओळखता?" मी फोटो पुढे केला.

"नाही."

"कॅमेऱ्यात तुम्ही त्यांच्याबरोबर जेवताना दिसताय."

"गर्दी असेल. बसल्या असतील."

मुरलेला गुन्हेगार खोटं बोलताना गोष्ट रंगवत नेतो. सभ्य माणूस वाक्यं तोडायला लागतो. काकांच्या उजव्या हाताच्या बोटावर अंगठीचा फिकट वळ होता आणि तो हात ते दुसऱ्या हाताखाली घेत होते.

"अंगठी कुठे गेली, काका?"

"बेसिनमध्ये. हात धुताना."

मी दुसरा फोटो ठेवला. "या कोपरीच्या शिक्षिका. त्याच बाईबरोबर जेवायला गेल्या होत्या. जेवणात झोपेचं औषध होतं. रस्त्यात पडल्या आणि गेल्या."

काकांनी फोटो हातात घेतला. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"माझी अंगठी याच्या आधी गेली," ते म्हणाले. "मी तेव्हाच तक्रार दिली असती, तर या बाई आज असत्या का?"

या प्रश्नाचं उत्तर तपास अधिकाऱ्यानं देऊ नये, असं मला अनुभवानं कळलेलं आहे. मग ते आपणहून सांगत गेले.

पत्नीच्या श्राद्धानंतर एकदा घरात बसवेना म्हणून ते त्या रेस्टॉरंटात गेले होते. ती गडद चष्म्याची बाई टेबलाशी आली आणि म्हणाली, "तुम्ही एकटे, मी एकटी. दोघांनी दोन टेबलं कशाला अडवायची?" मग दर गुरुवार ठरून गेला. बाहेर कसं जेवावं, हे तिनंच त्यांना शिकवलं.

"ती म्हणायची, घरी जे मिळतं ते इथं मागवायचं नाही. सगळं एकदम मागवायचं नाही. आधी सूप, ते संपल्यावर पुढचं. मोबाईल खिशात ठेवायचा. वेटरला नावानं हाक मारायची. घरातून निघताना शर्ट असा घालायचा, की कुणीतरी आपल्याला बघणार आहे. आणि शेवटी कॉफी, म्हणजे उठायची घाई होत नाही." काका किंचित हसले. "मी जन्मभर दहा मिनिटांत डबा संपवणारा माणूस, साहेब."

एका गुरुवारी जेवता जेवता त्यांचे डोळे जड झाले. जाग आली ती रेस्टॉरंटच्या सोफ्यावर. बिल तिनं भरलेलं होतं, अंगठी गेलेली होती.

"तुम्हाला कळलं होतं?"

"लगेच."

"मग पुढच्या गुरुवारी कशाला गेलात? तिला पकडायला?"

"नाही." ते खिडकीकडे बघत म्हणाले, "येईल असं वाटलं."

तिचा मोबाईल बंद होता, नाव खोटं होतं. हाती काहीच नव्हतं. मी विचारलं, "ती स्वतः कशी जेवायची?"

"तिचं लक्ष माझ्याच ताटात असायचं. सूप आलं की वाटीला मनगट लावून बघायची, फार गरम नाही ना. माशातले काटे काढून द्यायची. मी जेवणाआधीची गोळी घेतली, की ती घशाखाली उतरेपर्यंत पाणी पुढे धरून बसायची."

जिना उतरताना आमच्या उपनिरीक्षक थांबल्या. त्यांच्या आई कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. "सर, ही सवय घरच्या माणसाची नाही. माझ्या आईला सांभाळायला यायच्या त्या मावशी अगदी असंच करायच्या. ही बाई पेशंट सांभाळणारी आहे."

तिथून तपासाला दिशा मिळाली. घरी आजाऱ्यांसाठी बायका पुरवणाऱ्या ठाणे-डोंबिवलीतल्या संस्था पथकानं पालथ्या घातल्या. एका संस्थेच्या चालकानं चष्म्याआडचा चेहरा ओळखला. पत्ता टिटवाळ्याचा निघाला. नवी इमारत, निम्मे फ्लॅट कुलूपबंद. तिनं दार उघडलं, महिला पोलिसांकडे पाहिलं आणि काही न विचारता बाजूला झाली. पंचांसमक्ष झडती घेतली. रव्याच्या डब्यात काकांची अंगठी मिळाली, शिक्षिकांच्या बांगड्या मिळाल्या, आणखीही दागिने मिळाले. त्यांच्या मालकांपैकी कुणीच तक्रार दिलेली नव्हती.

चौकशीत तिनं आढेवेढे घेतले नाहीत. एका श्रीमंत घरात ती आजीबाईंना सांभाळायची. आजींना बाहेर जेवण्याची हौस, म्हणून ही त्यांना व्हीलचेअरवरून मोठमोठ्या हॉटेलांत न्यायची.

"मी शेजारी बसून भरवायचे," ती म्हणाली. "माझ्यापुढे कधी प्लेट नसायची. वेटर मला विचारायचा पण नाही. सगळं तोंडपाठ झालं माझं, काय आधी मागवायचं, काय नंतर. आजी गेल्या. मग एक दिवस चांगली साडी नेसले आणि एकटीच जाऊन बसले. त्यानं विचारलं, मॅडम, क्या लेंगे? साहेब, मला रडूच आलं."

"आणि औषध?"

"पैसे संपले. औषधांचं मला कळतं. झोपतील, उठतील, एवढंच वाटलेलं. बाकीचे उठलेच ना."

"शिक्षिका उठल्या नाहीत."

तिनं पहिल्यांदा मान खाली घातली. "रिक्षात त्यांचे डोळे मिटत होते. तरी म्हणत होत्या, पुढच्या शनिवारी बिल मी देणार."

तिची कणव आली असं लिहिलं, तर शिक्षिकांवर अन्याय होईल. तिनं शिक्षिकांच्या बांगड्या उतरवल्या आणि भर उन्हात त्यांना रस्त्यावर सोडलं. सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं आणि आरोपपत्रात एक शब्द सैल ठेवला नाही. पुढे तिला शिक्षा झाली.

मला जे सांगायचं आहे ते काकांच्या साक्षीचं. ओळख परेडमध्ये त्यांनी तिला ओळखलं होतं, कोर्टातही ठामपणे ओळखलं. तिच्या वकिलानं उलटतपासणीत त्यांना गाठलं. "बाईंनी गुंगीचं औषध दिलं, अंगठी काढली, हे तुम्हाला माहीत होतं म्हणता. तरी दर गुरुवारी टेबल अडवून तिची वाट बघत होतात. हे पटण्यासारखं आहे का?"

"नाही," काका म्हणाले.

"मग का जात होतात?"

काकांनी कठड्यावर हात ठेवले. "घरी मी ओट्याशी उभ्यानं जेवतो. पातेल्यातूनच. ताट घेत नाही." त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला. "तिथं समोर कुणी बसलेलं असलं, की मी बसून जेवायचो."

वकिलानं उलटतपासणी तिथंच संपवली.

मी त्यांचा जबाब स्वतः लिहून घेतला होता. वेळ, जागा, औषध, अंगठी, सगळं त्यात होतं. ओट्याशी उभ्यानं जेवण्याची ही गोष्ट मात्र त्यात नव्हती, कारण मी ती विचारलीच नव्हती. वृद्ध माणूस फसवला गेला की लाजेनं गप्प बसतो, असं आम्ही प्रशिक्षणात शिकलो होतो. या प्रकरणानं मला दुसरं कारण दाखवलं. तक्रार दिली की ते टेबल कायमचं जातं. त्या रव्याच्या डब्यातल्या प्रत्येक दागिन्यामागे असंच गप्प राहिलेलं एक घर होतं. त्यानंतर कुणी ज्येष्ठ नागरिक पोलीस ठाण्यात आला की चोरीबद्दल विचारण्याआधी मी त्याला बसवत असे, आणि दुपारी घरात कोण असतं, ते विचारत असे.

काकांच्या साक्षीनंतर कोर्टाची जेवणाची सुट्टी झाली. मी काकांना कँटीनमध्ये चला म्हटलं. ते नको म्हणाले. व्हरांड्याच्या बाकावर शिक्षिकांची बहीण बसली होती. आपण तक्रार दिली नाही, हे काकांनी तिला आधीच, स्वतः जाऊन सांगितलं होतं. ती त्यांच्याशी त्यानंतर एक शब्द बोलली नव्हती. काका त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले आणि पिशवीतून डबा काढला. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. पण उठूनही गेली नाही. थोड्या वेळानं तिनंही आपला डबा उघडला. सुट्टी संपेपर्यंत दोघं जेवत होती, मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा सोडून.