दहा दहाची सावली

चौतीस वर्षं रेल्वेत तिकीट तपासनीस राहिलेल्या बळवंत मेश्रामांना समोरचा प्रत्येक माणूस विनातिकीटच वाटायचा. नागपूर सोडून रायस्वाइक या डच शहरात मुलाकडे, अनुपकडे आले तरी ही खोड सुटली नव्हती. अनुप आणि सून ऑफिसला, नात समता शाळेत. दिवसभर घरात ते आणि त्यांचा संशय.

त्या जुलैत पारा सदतिसावर गेला. पाणी अडवण्यात वाकबगार असलेल्या या देशाला ऊन अडवायचं ठाऊक नव्हतं. थंडीसाठी बांधलेली घरं आता दर उन्हाळ्यात भट्टी होत होती. बळवंतराव नागपुरी शहाणपणाने सकाळीच खिडक्या-पडदे बंद करत.

आणि शेजारची ऐंशीची टिनेके पडद्याच्या फटीतून डोकावू लागली. दिवसातून तीनदा!

"ही बाई काहून डोकावून राहिली रे? तक्रार करते का आपली?"

"बाबा, इथे दिवसा पडदे कोणी लावत नाही. क्युरिअस असेल, बस," अनुप म्हणाला.

बळवंतरावांना पटेना. त्यांनी पुराव्यासाठी वहीत वेळा टिपल्या: दहा दहा, एक वीस, चार पाच. शेरा: वर्तन संशयास्पद.

पाचव्या दिवशी दहा दहाला कोणी आलं नाही. अकरा वाजले. आता नवाच संशय: आज का नाही? पायात चपला सरकवून ते बाहेर पडले आणि स्वतःच तिच्या खिडकीत डोकावले. पडदे सताड उघडे, ऊन थेट खुर्चीवर, त्यात टिनेके मान टाकून पडलेली. चेहरा लालबुंद, घामाचा टिपूस नाही.

ऊन लागलेला माणूस नागपूरकराला ओळखू येतो. मागचं दार उघडंच होतं. त्यांनी ११२ ला मोडक्या इंग्रजीत पत्ता सांगितला, पडदे ओढले, ओले टॉवेल तिच्या अंगावर टाकले. अँब्युलन्सवाल्याने विचारलं, शेवटची धड कधी पाहिली? बळवंतरावांनी वही काढली. काल, चार पाच.

जीव वाचला, असं संध्याकाळी कळलं. तिच्या खिडक्या लावायला ते समताला घेऊन गेले. टेबलावर डचमध्ये लिहिलेला एक कागद होता. समताने वाचला.

"आजोबा, धिस इज यू! 'सतरा नंबर. म्हातारे, दिवसा एकटे. पडदे बंद. उन्हाळ्यात तीनदा बघणे.'"

खाली वेळा होत्या. दहा दहा, एक वीस, चार पाच. प्रत्येकीसमोर बरोबरची खूण.  बळवंतरावांना स्वतःची लाज वाटली.

दहा दिवसांनी टिनेके परतली. दुसऱ्या सकाळी दहा दहाला खिडकीवर सावली पडली. बाहेर ऊन रणरणत होतं. बळवंतरावांनी पडदा पुरता बाजूला सारला आणि हात हलवला.