दगडांची आंघोळ

जन्मभर शाळेत फळा पुसल्यामुळे कुठंही खडूनं लिहिलेलं दिसलं की माझा हात शिवशिवतो. आमच्या इंग्रजांच्या काळातल्या चर्चची दर्शनी भिंत तेव्हा दुरुस्तीला काढली होती. दगडांचे पोपडे सुटलेले, सांध्यांतला चुना झडलेला. मेहकरकडच्या एका पाथरवटानं दाराच्या दोन्ही बाजूंचे दगड उतरवून आवारात मांडले आणि तुरीच्या सोंगणीसाठी तो चार दिवस घरी गेला. नाताळ तोंडावर आला होता. दगडांवर कुण्या कार्ट्यांनी आकडे गिरबटलेत असं समजून माझं डोकंच फिरलं. सोडा आणि काथ्या घेऊन बसले, एकूण एक दगड लख्ख करून उठले. पाळकसाहेबांनी मला शाबासकीसुद्धा दिली.

पाथरवट परतला आणि दगडांपुढं मटकन बसला.

"मावशी, काऊन धुतले वो? नंबर होते ना ते! कोणता दगड कुठचा, मले आता सपन पडन काय?"

दगड सगळे एका मापाचे, पण प्रत्येकाच्या कडा शेजारच्याला धरून घासलेल्या. जागा चुकली तर कडा फुटणार. म्हणजे नाताळच्या भक्तीला दाराशी भगदाड, आणि तेही माझ्या स्वच्छतेमुळे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग आठवलं की इथं लग्न झालेल्या प्रत्येक घरात याच दाराशी काढलेला फोटो असतो. घरोघर फिरून मी अल्बम गोळा केले. पाथरवट भिंग लावून दगडांच्या अंगचे डाग फोटोंशी ताडत बसला. अडचण एकच होती, दगडांपुढं नातेवाईक उभे होते.

"हे फेटेवाले कोण? जराक बाजूले झाले असते तं काय बिघडलं असतं त्यायचं?"

"ते नवरीचे मामा. वारले ते."

"मंग राहू द्या."

आकड्यांवरचा त्याचा विश्वास उडाला होता. म्हणून जो दगड ज्याच्या शेजारी दिसला, त्याला तेच नाव पडलं. आवारात दिवसभर आरडाओरडा चाले. "आत्याले उचला! मोठ्या जावयाले उलटे करा!" मोठे जावई काम पाहायला म्हणून आले होते, ते चहा न घेताच गेले.

शेवटी चार दगड उरले. दाराच्या उजवीकडं, एकावर एक. प्रत्येक फोटोत त्यांच्यापुढं कुणीतरी बाई.

"हे कोण वो, दरखेपी इथंच?"

"करवली. नवरीची बहीण तिथंच उभी राहते."

"बिगर करवलीचं एकबी लगन नाई झालं काय?"

झालं होतं. माझ्या धाकट्या बहिणीचं. पत्रिकेत माझं नाव चुलत बहिणीच्या खाली छापलं म्हणून मी रुसले आणि घरात बसून राहिले. पुढं बोलणंच तुटलं. ती चिखलीला राहते, आणि एसटी चिखलीत शिरली की मी खिडकीकडं पाठ करून बसायची. खरं सांगते, चर्चचं दार पडलं असतं तरी चाललं असतं, पण तिच्या दारात जाणं नको होतं. पाथरवट मात्र रोज विचारायचा. भगदाड माझंच होतं. गेले.

तिनं दार उघडलं. "लग्नाचा अल्बम पाहिजे," एवढंच मी म्हटलं. तिनं तो आणून दिला.

फोटोत सगळं गणगोत डावीकडं चेंगरून उभं होतं आणि नवरीच्या उजवीकडं एका माणसाएवढी जागा मोकळी. चारही दगड, डागांसकट, स्वच्छ दिसत होते.

"फोटोवाला सरका सरका म्हणे," धाकटी म्हणाली. "मीच कोणाले सरकू देलं नाई. वाटलं, उशिरानं का होईना, ताई येईन."

मला रडू आवरेना. माफी मागितली की नाही ते आठवत नाही. जेवून आले, एवढं नक्की.

दुसऱ्या दिवशी पाथरवटानं फोटोला भिंग लावलं आणि आनंदानं उडालाच.

"बरं झालं वो मावशी, तुमी त्या लग्नाले गेल्या नाई! नाई तं हे दगड जन्मात भेटले नसते."