निर्जलेच्या दिवशीचा चढ

बनारस तव्यासारखं सपाट. चढायचं म्हणजे काय त्या घाटाच्या पायऱ्या. अशा गावात मी लंका नावाच्या मोहल्ल्यातल्या एका जिममध्ये, जागच्या जागी उभ्या असलेल्या सायकलींवर बायकांना डोंगर चढवते. सायकलीला एक नॉब असतो, तो उजवीकडे फिरवला की पायडल जड होतं, म्हणजे चढ लागला. मी ओरडते, "और टाइट!" आणि माझी पाठ वळली की या सगळ्या जणी नॉब गुपचूप डावीकडे फिरवतात. वर चेहरा असा करतात की जणू केदारनाथ गाठलं. डोकं फिरतं नुसतं!

मागच्या खेपेला मी चढ जरा जास्तच लांब ठेवला, तर सात जणी मधेच उतरून गेल्या. जिमचे मालक मला म्हणाले, "इस इतवार अठारह की अठारह सीट, आख़िर तक. नहीं तो आपका बैच ज़ुम्बा को." आता ही बॅच मी दोन वर्षं खपून उभी केलेली. ती अशी कुणाच्या घशात घालू होय?

मग तीन आठवडे मी वही घेऊन बसले. पंचेचाळीस मिनिटं, तीन चढ. पहिला चार मिनिटांचा, मग सपाट, मग पाच मिनिटांचा, आणि शेवटचा सहाचा, तोही उभं राहून. कुठल्या गाण्याला नॉब किती, पाणी कधी, सगळं लिहिलं. आमचे बाबा शेजारीच आरामखुर्चीत. त्यांनी जन्मभर ब्रह्मा घाटावर मुलांना वेद शिकवले. वहीत डोकावून रोज एकच प्रश्न, "एवढं करून पोचता कुठं?"

"कुठंच नाही, बाबा."

"मग उतरायला तरी सोपं."

कप्पाळ! मी पुढचं गाणं लिहायला घेतलं.

रविवारी पहाटे पाचला निघाले. आमच्या घरी तिथी कळते ती ओट्यावरून. रात्री साबुदाणा भिजला की समजायचं, उद्या एकादशी. शनिवारी ओटा स्वच्छ होता, म्हणून मी निश्चिंत. जिममध्ये अठरा सायकली भरलेल्या पाहून तर मला नाचावंसं वाटलं. आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक जण दुसरीला म्हणाली, "आज तो निर्जला है ना, कल पारण के बाद ही पानी."

निर्जला एकादशी! त्या दिवशी पाणीसुद्धा प्यायचं नसतं, तर साबुदाणा भिजेल कशाला? वैदिकाच्या घरची लेक मी, आणि मला एकादशी चुकावी ती साबुदाण्यापायी!

"किसका किसका व्रत है?" मी विचारलं. एकही हात वर नाही. सीट जाईल ना! मग मी म्हटलं, "चलो, सब लोग एक-एक घूँट पानी पियो." चार बाटल्या उघडल्या. चौदा जणी छताकडे बघत बसल्या.

बाहेर ज्येष्ठाचं ऊन, आत हा सहा मिनिटांचा चढ, आणि पोटात काल रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही. एखादी भोवळ येऊन पडली असती तर? मी चौदा जणींना खाली उतरवलं. त्या चिडल्या. "व्रत में तो शरीर और हल्का रहता है, मैडम!" म्हटलं, हल्का राहू द्या, पण घरी. दाराशी मालक हाताची घडी घालून उभे होते. उरलेल्या चौघींना मी तिन्ही चढ चढवले, एकीनंही नॉब डावीकडे नेला नाही, आणि ते बघायला मालक थांबलेसुद्धा नाहीत. नंतर त्यांनी एवढंच सांगितलं, "कल से ज़ुम्बा."

घरी येऊन मी बाबांवर फाडफाड बरसले. "पंचांग तुमच्या उशाशी असतं! एका शब्दाने सांगता येत नव्हतं, आज निर्जला आहे म्हणून?"

"तू विचारलंस कुठं?" त्यांचे ओठ सुकले होते, आवाजही नीट फुटत नव्हता. मी आणखीनच चिडले. म्हटलं, तुमच्या त्या एकादशीपायी माझा वर्ग वाया गेला, आणि दार आपटून खोलीत गेले. बॅच गेली हे मात्र तोंडातून निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं झालं. बाबा भात-वरण जेवून आडवे झाले. माझी वही टेबलावर होती, ती फाडून टाकावी म्हणून हातात घेतली. शेवटच्या चढाच्या पुढची कोरी पानं आता कोरी नव्हती. पुढच्या ज्येष्ठापर्यंतच्या साऱ्या एकादशा लाल शाईने, वारासकट, बाबांच्या थरथरत्या अक्षरात एकाखाली एक उतरवलेल्या. प्रत्येकीपुढे लिहिलं होतं, "चढ नको." आणि निर्जलेपुढे, "वर्गच नको. आदल्या दिवशी मी आठवण करून देईन."

"बरोबर आहे ना गं?" बाबांनी पडल्या पडल्या विचारलं. "वर्गाला पुरेल ना वर्षभर?"

"पुरेल, बाबा," मी म्हटलं.