ऐकू येणारी गाडी

आमच्या व्याह्यांइतका पेट्रोलवर रागावलेला माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि पेट्रोलवर चालणारी खटारा गाडी त्यांच्याइतकी जिवापाड जपणाराही दुसरा कोणी नसेल. पेट्रोलने हवा बिघडली, पाऊस बिघडला, आंब्याचा मोहोर बिघडला, हे ते आल्यागेल्याला ऐकवतात. हातखंब्याच्या पंपावर पेट्रोल भरून घेतानाही ते भरणाऱ्यालाच ऐकवतात. एकदा तो कंटाळून म्हणाला, "काका, मग भरू की नको?" व्याही म्हणाले, "भर. पण मनापासून भरू नको."

गाडीचा आवाज एवढा, की घाटीच्या तळाशी ती दुसऱ्या गिअरमध्ये आली की वर वाडीतल्या कोंबड्या रस्ता सोडतात. आणि वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहाचं आधण ठेवतात. वहिनींची नजर काचबिंदूने गेली आहे. घरातलं सगळं त्या हाताने आणि कानाने करतात. गाडी चढ चढून अंगणात येईपर्यंत त्या पदर सावरून पडवीत आलेल्या असतात, आणि व्याही उतरायच्या आत "आज उशीर केलात" असं सुनावून मोकळ्या होतात. त्यांच्या दिवसातला हा सगळ्यात मोठा आनंद. म्हणून गॅरेजच्या मेस्त्रींनी जेव्हा सांगितलं, की ही गाडी आता फार दिवस चालायची नाही, तेव्हा नवी कोणती घ्यायची हा प्रश्न आमच्या दोन्ही घरांत मुक्कामालाच आला.

मला कुठलीही गोष्ट कागदावर मांडल्याशिवाय सुचत नाही. मी दोन रकाने आखून नेले. इलेक्ट्रिक गाडी रात्री घरीच चार्ज होते, रोजचा खर्च कमी, बागेत जाऊन यायला पुरून उरते. मात्र पावसात आपल्याकडे वीज जाते आणि लांबच्या वाटेवर चार्जिंगची सोय बघून निघावं लागतं. इथेनॉल पंपावर चटकन भरता येतं आणि इंजिनही ओळखीचं. पण लिटरमागे गाडी कमी धावते, त्याचा ऊस देशावरचा आणि तो पाणी पिणारा, शिवाय निव्वळ इथेनॉलचा पंप आपल्या वाटेवर एकही नाही. व्याह्यांनी कागद नीट वाचला, घडी घालून मला परत दिला. "विहीणबाई, तुमचं सगळं बरोबर आहे. आपण इथेनॉलसाठी थांबू."

ऊस नसला म्हणून काय झालं, बागेत काजूचे बोंडू कुजतात त्यांचं इथेनॉल करता येईल, असं त्यांनी ठरवलं. पिंपभर बोंडू आंबत ठेवले. तिसऱ्या घरापर्यंत वास गेला आणि संध्याकाळी शेजारी कुंपणाशी जमले. "भाऊ, एकेक पेला आम्हाला द्या, गाडी आम्ही ढकलत नेतो." वहिनींनी ते पिंप माडाच्या मुळाशी ओतायला लावलं. तरी व्याह्यांचा हट्ट हलला नाही.

हट्टाचं कारण मला ठाऊक होतं, कारण त्या दिवशी मी तिथेच होते. माझे जावई, म्हणजे व्याह्यांचा मुलगा, पुण्याहून आपली इलेक्ट्रिक गाडी घेऊन आले होते. व्याही ती खुशीत फिरवायला घेऊन गेले आणि परत आले ते कुणाला कळलंच नाही. वहिनी पडवीत आमसुलं निवडत होत्या. अगदी जवळून "आलो गं" ऐकताच त्या दचकल्या, सूप कलंडलं, आणि त्यांनी विचारलं, "कोण?" इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांनी नवऱ्याला पहिल्यांदाच विचारला असेल. व्याही खाली बसून आमसुलं वेचत राहिले. नंतर मी त्यांना म्हटलं, वळणावर हॉर्न वाजवत जा, झालं. ते म्हणाले, "हॉर्न तर पाववालासुद्धा वाजवतो, विहीणबाई."

यंदा शिमग्यानंतर त्यांचा फोन आला. "ती इलेक्ट्रिकच बघा." मी म्हटलं, "पटलं म्हणायचं शेवटी!" ते मग म्हणाले, "तिला घाटीतली गाडी आता ऐकू येत नाही. अंगणात येऊन उभी राहिली तरी नाही. कानाशी बोललं तर तेवढं कळतं." माझ्या कागदावर इलेक्ट्रिकच जिंकली होती, पण मला बरं वाटलं नाही.

गाडी आली. पहिल्या फेरीला त्यांनी मलाही नेलं. आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला निघालो. वहिनी पुढे बसल्या होत्या. "सुरू केलीत का?" त्यांनी विचारलं. "केव्हाच! वळणसुद्धा ओलांडलं," व्याही त्यांच्याकडे झुकून म्हणाले. आणि ते वहिनींना ऐकू गेलं. जुन्या गाडीच्या खडखडाटात त्यांना शेजारचंही काही कळेनासं झालं होतं. मग व्याही बोलतच राहिले. सुरूची झाडं कुठे दाट झालीत, कोणाच्या कंपाउंडची भिंत पडली, सगळं. चढावर आल्यावर वहिनींनी विचारलं, "होड्या दिसतात?" वहिनी समुद्रकाठच्या केळशीच्या, त्यांचं लहानपण होड्यांची वाट बघण्यात गेलेलं.

मासेमारी बंद असण्याचे दिवस होते. होड्या किनाऱ्यावर झावळ्यांखाली झाकलेल्या होत्या आणि समुद्र पार रिकामा होता.

"दिसतात तर. परत येतायत," व्याही म्हणाले.

इतकी वर्षं त्यांची प्रत्येक चूक मी तिथल्या तिथे दुरुस्त केली आहे. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"किती आहेत?"

व्याह्यांनी गाडी अगदी हळू केली. "थांब," ते म्हणाले, "मोजतोय."