बिनशपथेची साक्ष

त्या वर्षी मी देवाशी बोलणं टाकलं होतं. दिवा लावत होते, पण सवयीनं. तोंडातून नाव येत नव्हतं. आमचे हे माळकरी. सुतारकामासाठी नगरकडचं गाव सोडून आम्ही रहाटणीत भाड्याच्या खोलीत आलो, तेव्हा पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते आणि हातात कसब असलेल्या माणसाला काम मागावं लागत नव्हतं. एका संध्याकाळी काम सुटल्यावर मुंबई रस्त्याच्या कडेनं पायी घरी येताना ह्यांना मागून आलेल्या मालट्रकनं उडवलं. हाड जुळलं, पण वाकडं. परांचीवर चढायचं काम कायमचं गेलं. आणि वर ट्रकचा मालक सांगू लागला काय, तर हा माणूस दारू पिऊन झोकांड्या खात रस्त्यात आला! ज्यानं उभ्या जन्मात चहापलीकडे काही तोंडाला लावलं नाही, त्याच्यावर हा आळ. मोडका पाय मी सोसला असता, हे मात्र सोसवेना. पाणवठ्यावर मी पोचले की बायका बोलायच्या थांबायच्या.

ह्यांच्या कामावरच्या मुकादमानं पुण्यातल्या एका वकीलसाहेबांकडे धाडलं. ते फीचं मागाहून बघू म्हणाले आणि मालकावर भरपाईचा दावा लावला. पण त्यांनी मला स्पष्टच सांगितलं, "बाई, तुमचे यजमान शुद्धीत होते आणि कडेनं चालले होते, हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस हवा. नाहीतर दावा टिकायचा नाही."

पाहिलेला माणूस एकच होता. रहाटणीचेच तात्या, म्हातारे शेतकरी. त्यांची बैलगाडी ह्यांच्या मागे होती. तिला वळसा घालून ट्रक पुढे गेला तो ह्यांच्या अंगावर. तात्यांनीच ह्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं होतं. असा माणूस एका शब्दात येईल असं धरून मी गेले, तर ते खाली बघत म्हणाले, "न्हाई जमायचं, पोरी." का विचारलं, तर बैलांना वैरण टाकायला उठले. पुन्हा गेले, तर मला बघून गोठ्यात शिरले. त्याच सुमारास ट्रकमालकाचा माणूस गावात दिसल्याचं कुणीसं बोललं, आणि मी मनात काय ते ओळखलं. हे अंथरुणावरून म्हणायचे, "तात्या माळकरी आहेत, काहीतरी कारण असेल." मी फणकारले, "माळ घातली म्हणून पोट का चुकलंय कुणाला?" समन्स काढता येईल, पण जबरीनं आणलेल्यानं तोंडच उघडलं नाही तर काय करायचं, असं वकीलसाहेबांचं म्हणणं. तारीख पडली ती एकादशीच्या दुसऱ्या दिवशी. रस्त्यावर नुसता भोंगा वाजला तरी मी हातातलं टाकून दारात जायची.

एकादशीला हे म्हणाले, "आळंदीला जाऊन ये. माझ्या वाटचा माथा टेक." मी म्हटलं, "ट्रक आला तेव्हा तुमच्या देवानं बघितलं नाही, आता काय बघणार?" तर शांतपणे म्हणाले, "बघितलं असेल की." अशा माणसाशी भांडणार तरी किती? रागारागातच निघाले. भोसरीवरून आळंदीपर्यंत पायी, पोटात काही नाही, आणि डोक्यात एकच, उद्या काय होणार. दर्शनाच्या रांगेत उभी राहिले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मागच्या एका अनोळखी बाईनं दंड धरून मला रांगेबाहेर काढलं आणि पायरीवर बसवलं. माझा नंबर जाईल म्हणून मी हात सोडवू लागले. "आगं, बस की जरा. द्येव काय पळून चाललाय व्हय?" असं म्हणून तिनं तांब्यातलं पाणी पाजलं, हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले आणि गर्दीत मिसळली. मी तिथं बसून कपाळाला हात लावला. एवढं चालून आले आणि साधी रांगही नशिबात नाही.

तेवढ्यात समोरच्या खांबाशी तात्या दिसले. मान खाली, बोटांत गळ्यातली माळ, डोळ्यांतून पाणी चाललेलं. मला दया आली नाही. सरळ पुढे जाऊन उभी राहिले. "तात्या, किती मिळाले?"

"काय मिळालं?"

"ट्रकवाल्याकडून."

म्हाताऱ्यानं दोन्ही कान धरले. "माउलीच्या दारात काय बोलतीस, पोरी! आगं, कोर्टात शपथ खावी लागती. माळ घालताना गुरूला शबूद दिलाय, देवाची शपथ खायाची न्हाई. खोटी तर न्हाईच, खरी बी न्हाई. आन् गप ऱ्हावं तर तुझ्या धन्याचं वाटुळं. हिकडं आड, तिकडं हीर. म्हनून हितं आलो, कायतरी सुचव म्हनलं."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू म्हनली असतीस, म्हातारा पळवाट काढतोय."

म्हटलंच असतं. मी त्यांच्याशेजारी बसले. ज्याला मी विकला गेलेला समजत होते, तो माझंच दुखणं घेऊन त्याच दारात आला होता. पुन्हा रांगेत उभं राहायचं त्राण नव्हतं. तिथंच पायरीला डोकं टेकवलं आणि कितीतरी महिन्यांनी देवाशी बोलले, "मला काही कळत नाही. आता तूच बघ."

दुसऱ्या दिवशी तात्या माझ्यासोबत आले, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात वकीलसाहेबांना हे सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "एवढंच होतं? आजोबा, कायद्यात तुमची सोय आहे. देवाचं नाव नको, शपथ नको. खरं सांगेन, अशी प्रतिज्ञा करायची."

"म्हंजी शबूद द्यायाचा?"

"हो, शब्दच."

"मंग चला. त्यो द्येतो."

तात्या साक्षीला उभे राहिले. जे पाहिलं ते सांगितलं. मग समोरच्या वकिलांनी विचारलं, "हा माणूस डुलत चालला होता, हे खरं की खोटं?"

तात्या म्हणाले, "खरं हाय. डुलत व्हता."

वाटलं, संपलं.

"म्हणजे प्यालेला होता."

"न्हाई, सायेब. अभंग म्हनत व्हता. रोजच म्हनत जायाचा. त्यो म्होरं म्हनायचा, मी मागनं गाडीत बसून ध्रुपद धरायचो. कडंच्या झाडांखालनं चालला व्हता, रस्त्याच्या भायेर. पिलेल्याचा ताल चुकतो, ह्याचा कदी चुकला न्हाई. ट्रक आला तवा ध्रुपद माझ्या तोंडात व्हतं, आन् म्होरं म्हननारा..." तात्यांनी पागोट्याच्या टोकानं डोळे पुसले. समोरचे वकील खाली बसले.

निकाल पुढे आमच्या बाजूनं लागला. भरपाईतून ह्यांनी घरीच बसून पाट-पाळणे करायचं काम धरलं. पण आळ गेला तो साक्षीच्याच दिवशी. पाणवठ्यावरच्या बायका आपण होऊन माझी घागर उचलायला पुढे आल्या. त्या अनोळखी बाईनं मला रांगेतून ओढलं नसतं, तर मी दर्शन घेऊन मुकाट घरी आले असते आणि तात्या मला दिसलेच नसते. ती कोण होती मला ठाऊक नाही. तिचे उपकार मात्र रोज दिवा लावताना आठवतात.

साक्षीच्या त्या संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी गळ्यातली माळ चाचपली. मग म्हणाले, "मागे कुणीतरी ध्रुपद धरतंय एवढं कळायचं. कोण, ते मी कधी वळून पाहिलं नाही. आपण आपलं पुढचं म्हणत जावं." इतके महिने मी मात्र मागे कुणी आहे का, हेच वळून वळून बघत होते.

दिवेलागणीला दारात बैलगाडी थांबली. तात्या आत आले, ह्यांच्या अंथरुणाशी बसले आणि म्हणाले, "म्होरलं कडवं ऱ्हायलंय न्हवं?" ह्यांनी पडल्यापडल्या डोळे मिटून सुरुवात केली. तात्यांनी ध्रुपद धरलं, आणि त्यांच्यामागून मी.