मोठ्या दुकानाच्या दारासमोर

माझ्या वहिनीचं मॉलमधलं दुकान बुडालं, तर नातेवाईक नशिबाला बोल लावतात. मी नाही लावत. नशीब कुणाच्या घरी येऊन मांडी घालून जेवत नाही. हे ज्यानं केलं तो माणूस जेवून गेला होता.

आम्ही मूळचे खानदेशातले, पण वाढलो गुजरातेत, उधन्यात. मोठा भाऊ डाइंग मिलमध्ये साड्यांच्या फोल्डिंगला होता. मी महापालिकेच्या मराठी शाळेत मास्तर. वहिनी घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवायची, फॉल-बिडिंग करायची. तिच्या हाताला असं माप होतं की अडाजण, सिटीलाइट अशा श्रीमंत वस्त्यांतल्या बायका आमच्या गल्लीत गाड्या घेऊन यायच्या. ब्लाउजचं कौतुक करायच्या आणि गल्लीतल्या गटारीवरून नाकं मुरडायच्या. त्यातलीच एक म्हणाली, इथे काय बसलात, मॉलमध्ये गाळा घ्या. झालं. वहिनीच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच.

वेसूच्या बाजूला एक मोठा मॉल होता. त्यात दोन मजल्यांवर पसरलेलं एक भलंमोठं दुकान. साड्या, सूट, अत्तरं, चादरी, भांडी, सगळं एका छताखाली. वरच्या मजल्यावर त्याचं जे दार उघडायचं, त्याच्या अगदी समोर एक लहानसा गाळा रिकामा होता. वहिनी तिथे एक दुपारभर नुसती बाकावर बसून राहिली. साडीची पिशवी घेऊन बाहेर येणारी प्रत्येक बाई दारात थोडी घुटमळते, हे तिनं पाहिलं. साडी घेऊन झाली, आता ब्लाउजचं काय, हा प्रश्न त्या घुटमळण्यात असतो असं ती म्हणाली. मला हसू आलं, पण तिचं बरोबर निघालं.

भावानं मिल सोडली, सुटताना मिळालेलं सगळं गाळ्याच्या डिपॉझिटमध्ये घातलं आणि दुकान उभं राहिलं. उधन्यातल्या दोन मुली हाताखाली घेतल्या. मोठ्या दुकानातल्या सेल्सगर्ल स्वतःच गिऱ्हाइकांना बोट दाखवायच्या, समोर बेन बसतात त्यांच्याकडे द्या. बायका साडी टाकून खाली कॉफी प्यायला जायच्या आणि वर येईपर्यंत फॉल लागलेला असायचा. भाऊ एखादी साडी बोटांत चोळून म्हणायचा, ही आमच्या मिलमधून गेलेली. मग तिच्यावरची किमतीची चिठ्ठी वाचायचा आणि बराच वेळ हसत बसायचा. तीन वर्षं घरात सणासारखी गेली, हे मी नाकारत नाही.

मॉलच्या ऑफिसात त्या मोठ्या दुकानाला अँकर म्हणत. त्यामागचं गणित मला फार उशिरा कळलं. त्याला जागा सगळ्यात चांगली, गाड्यांसाठी वेगळं दार, आणि भाडं नावापुरतं. कारण लोक त्याच्यासाठी येतात. आणि त्याच्यासाठी आलेले लोक आमच्या दारावरून जातात म्हणून आम्ही फुटाफुटाला भाडं मोजायचं. म्हणजे लाड जावयाचे आणि खर्च शेजाऱ्यांचा. बरं, जावयाला मनाला वाटेल तेव्हा उठून जाता येतं. त्याच्या करारात तशी सोय असते. आमच्या करारात उठायची सोय नव्हती. तीन वर्षं शटर उघडंच ठेवायचं. अकराला उघडलं नाही की दंड.

हे सगळं बघणारा मॉलचा अधिकारी आमच्याच तालुक्यातला निघाला. पहिल्याच भेटीत भावाचा उच्चार ऐकून तो म्हणाला, "कोन गाव शे तुमनं?" भाऊ तिथेच विरघळला. आयुष्यभर शेठ लोकांशी हिंदीत आणि मोडक्या गुजरातीत बोललेला माणूस. काचेच्या केबिनमध्ये टाय लावून बसलेला कुणी अहिराणी बोलतो, हेच त्याला मोठं देणं वाटलं. मग तो अधिकारी येता-जाता दुकानात चहा प्यायचा आणि वहिनीला वहिनी म्हणायचा. करार इंग्रजीत, पण समजावून सांगायचा अहिराणीत.

करार नव्यानं करायची वेळ श्रावणात आली. तेव्हाच मी ऐकलं होतं की पुढे आणखी मोठा मॉल उभा राहतोय. एका सेल्सगर्लनं वहिनीला सांगितलंही होतं की या वेळी माल कमी येतोय. मी भावाला म्हटलं, थांब, दिवाळी जाऊ दे. भाऊ म्हणाला, त्यालाच विचारू, घरी बोलावलंय. आणि बोलावलं कधी, तर कानबाईच्या दिवशी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कानबाई ही आमच्याकडे श्रावणात घरी बसणारी देवी, आणि तिच्या नैवेद्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, फक्त घरच्यांसाठी आणि भाऊबंदांसाठी असतात. घरातल्या माणसागणिक मुठी मोजून गहू दळलेले असतात. बाहेरच्याच्या पानात ते पडत नाहीत. मित्र कितीही जवळचा असो, त्याला दुसरं काही वाढतात. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन अडखळली. तिनं भावाकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, "वाढ. आपला मानूस शे." तिनं वाढलं. त्या अधिकाऱ्यालाही रीत ठाऊक असणार, त्याच्याही घरी कानबाई बसते. तरी त्यानं रोट मोडला. दोनदा खीर मागून जेवला.

जेवण झाल्यावर मीच विचारलं, मोठं दुकान राहणार ना? तो हसला, सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाला, "ते कठे जाई राह्यनं?" ते कुठे जातंय! मी पेशानं मास्तर. प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देणाऱ्या पोरांना मी रोज वठणीवर आणतो. पण भावानं तोवर पेनाचं टोपण काढलं होतं. वहिनीनं सही केली, तीन वर्षांची.

दिवाळीचा सेल झाला आणि मोठ्या दुकानातल्या मांडण्या भरल्याच नाहीत. मग एक दिवस दारावर प्लायवूड ठोकलं. त्यावर हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र आणि इंग्रजीत लिहिलेलं की काहीतरी छान लवकरच येत आहे. ते कुटुंब वर्षभर वहिनीच्या तोंडासमोर हसत उभं होतं. त्या बाजूचा सरकता जिना बंद केला, वीज वाचते म्हणून. वरच्या मजल्यावर कोण कशाला चढेल? शेजारचा चपलांचा गाळा गेला, अत्तरवाला गेला. वहिनी मात्र रोज उधन्याहून दोन रिक्षा बदलून यायची आणि अकराला शटर वर करायची. मुलींना तिनं घरी पाठवलं. नंतर नंतर ती स्वतःच्या साड्यांचे फॉल उसवून पुन्हा लावत बसायची, रिकामं बसलेलं दिसू नये म्हणून. मला ते बघवायचं नाही. एकदा मी जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. त्या म्हणाल्या, आम्ही आता नव्या मॉलला जातो, मास्तर, तिथे सगळं एकाच जागी मिळतं.

अधिकाऱ्याला भेटायला गेलो तर तो इंग्रजीतलं कलम दाखवायचा. अहिराणी एकदम आटली होती. शेवटी डिपॉझिट भाड्यात वळतं झालं आणि मॉलनं गाळा परत घेतला, जणू उपकार केले. मशीन पुन्हा पुढच्या खोलीत आलं. गल्लीत आता गाड्या येत नाहीत. भाऊ पन्नाशीत जवळच्या सचिन गावातल्या एका मिलमध्ये ठेकेदाराकडे लागला. पहिली मिल सोडताना कायम होता, आता रोजंदारीवर आहे.

आणि गेल्या महिन्यात तो अधिकारी घरी आला. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन, सोबत साड्यांची पिशवी. तोही आता नव्या मॉलमध्ये आहे, वरच्या पदावर. पुन्हा अहिराणी सुरू. वहिनी, घरच्या बायकांचे ब्लाउज तुम्हीच शिवायचे, दुसऱ्या कुणाचा हात आम्हाला चालत नाही, असं म्हणाला. भाऊ ड्यूटीचा डबा भरून निघायच्या बेतात होता, तो खाली बसला. वहिनीनं चहा ठेवला, साड्या एकेक उलगडून पाहिल्या आणि खाली मान घालूनच विचारलं, "सही करी तवय तुमले मालूम व्हतं का?"

मला वाटलं तो शपथा घेईल. त्यानं चहाचा घोट घेतला आणि अगदी सहज म्हणाला, "मालूम व्हतं, वहिनी. पन सांगं असतं तं तुम्ही सही करी असती का?"

त्याला यात काही वावगं दिसतच नव्हतं. त्याचं काम सही घेणं, त्यानं घेतली. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. वहिनीनं साड्या होत्या तशा घडी घातल्या, पिशवीत भरल्या आणि पिशवी त्याच्या पायाशी ठेवली.

भाऊ उठला. त्यानं डबा उचलला, चपला घातल्या आणि मिलमध्ये शेठसमोर बोलतो त्या हिंदीत म्हणाला, "साहब, आप चाय पी लीजिए. हमको ड्यूटी पे जाना है."

तो माणूस कप हातात धरून माझ्याकडे बघू लागला. मीही म्हटलं, "पी लीजिए, साहब."